गावाने वाळीत टाकले म्हणजे नेमके कोणी?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

या महिन्याच्या टपालात वाळीत टाकण्याबद्दल इतकी पत्रे आली की बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकलले. पत्रलेखकांची नावे आणि गावे अर्थातच छापलेली नाहीत. कायद्याचे तपशील महाराष्ट्रापुरते आहेत. ‘महाराष्ट्र सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींचे संरक्षण (प्रतिबंध, बंदी व निवारण) अधिनियम, 2016’ हा कायदा 3 जुलै 2017 पासून लागू आहे. खाली ‘2016 चा कायदा’ म्हटले की तोच समजावा.

प्रश्न : देवस्थानाच्या जीर्णोद्धाराला जमलेल्या वर्गणीचा हिशेब मी गावकीच्या बैठकीत मागितला. पुढच्या बैठकीत मला 51 हजार दंड लावला. भरला नाही म्हणून गेल्या शिमग्यापासून आमचे घर वाळीत आहे. पालखी आमच्या दारी आली नाही. दुकानदार माल देत नाही. आमच्याशी बोलेल त्याला 5 हजार दंड, असे ठरले आहे. पोलिसांत गेलो तर ‘सगळ्या गावावर कशी केस करणार, आपसात मिटवा’ म्हणाले. काय करावे? (रायगड जिल्हा)

पोलिसांचे वाक्य चुकीचे आहे, पण ते तोंडात येण्याजोगी तक्रार बहुतेक वेळा आपणच लिहून नेतो. ‘सर्व ग्रामस्थांनी मला वाळीत टाकले’ असे लिहिले की आरोपी कोणीच उरत नाही. गाव कधी बैठक बोलावत नाही, बैठक अध्यक्ष बोलावतो. दंडाचा आकडा एक जण उच्चारतो, दुसरा अनुमोदन देतो, तिसरा वहीत लिहितो, चौथा दुकानदाराला सांगायला जातो. या चार-सहा जणांची नावे तक्रारीत हवीत. माना डोलावणारे दीडशे जण नकोत. त्यांतले निम्मे उद्या तुमचे साक्षीदार होऊ शकतात, आणि आरोपींच्या यादीत नाव आले की ती शक्यता संपते.

तक्रार दोन पानांत बसवा. पहिल्या परिच्छेदात तुम्ही कोण, आणि ठरवणारे व तुम्ही एकाच समाजाचे आहात हे स्पष्ट लिहा. 2016 चा कायदा समाजांतर्गत बहिष्कारासाठी आहे. जन्माने, धर्मांतराने किंवा धार्मिक विधीने एका धर्माशी वा पंथाशी बांधलेला गट म्हणजे समाज, आणि त्यात जात-पोटजात आली, अशी त्याची व्याख्या आहे. हे वाक्य राहिले तर पहिली शंका तिथेच काढली जाते. मग वादाची पार्श्वभूमी, फार तर चार ओळी. लोक इथेच घसरतात. आजोबांच्या काळातल्या बांधापासून सुरुवात करतात, तीन पाने जमिनीवर जातात आणि ठाणे अंमलदार ‘हा दिवाणी वाद आहे’ म्हणून कागद परत करतो. त्यानंतर बैठकीची तारीख, जागा, कोण काय बोलले ते त्यांच्याच शब्दांत, उपस्थितांपैकी कोण सांगू शकेल. शेवटी परिणाम, प्रत्येकाला तारीख लावून : अमुक दिवशी अमुक दुकानदाराने तेल दिले नाही, अमुक दिवशी पालखी शेजारच्या घरापर्यंत येऊन वळली, अमुक दिवशी सुतकात कोणी आले नाही.

पालखी न येणे हे बाहेरच्या अधिकाऱ्याला किरकोळ वाटते. कोकणात ते तसे नसते हे त्याला कागदावर समजावून सांगा. धार्मिक वा सामाजिक प्रथेत, समारंभात, मिरवणुकीत भाग घेऊ न देणे हा कायद्याने बहिष्काराचा प्रकार मानलेला आहे. लग्न-अंत्यविधीचा हक्क नाकारणे, सार्वजनिक जागा, शाळा, दवाखाना, स्मशान वापरू न देणे, धंदेवाईक व्यवहार तोडणे, समाजातून काढून टाकणे हेही त्याच यादीत आहे. शिक्षा 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मदत करणारा आणि चिथावणी देणाराही अडकतो.

आता पुरावा. आजपासून एक वही घाला आणि त्याच दिवशी लिहा, महिन्याने आठवून नव्हे. व्हॉट्सॲपच्या गटात ठराव फिरला असेल तर नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही, कारण त्यात तुम्ही जतन केलेले नाव दिसते, नंबर दिसत नाही. संदेश पाठवणाऱ्याची माहिती उघडून नंबर दिसेल असा दुसरा स्क्रीनशॉट घ्या, आणि सगळे संभाषण ‘एक्स्पोर्ट चॅट’ने काढून ठेवा. आवाजाची नोंद असेल तर ज्या फोनवर झाली तो फोन सांभाळा. ती फाइल दहा जणांना पाठवून मूळ पुसून टाकण्याची चूक फार होते. न्यायालयात डिजिटल पुराव्यासोबत भारतीय साक्ष अधिनियम, 2023 च्या कलम 63(4) खालचे प्रमाणपत्र लागते. त्याचा एक भाग फोन ज्याच्या ताब्यात आहे त्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो, म्हणून मूळ उपकरण हाताशी हवे. गावकीच्या इतिवृत्ताच्या वहीचे पान कोणी दाखवले तर त्याचा फोटो सोन्यासारखा. ‘बोलेल त्याला दंड’ हे वाक्य त्यात सापडले तर निम्मे काम झाले.

पोलिसांनी नोंद घेतली नाही तर थांबू नका. तक्रारीच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का व क्रमांक मागा. नाही दिला तर तीच तक्रार ठाण्याला स्पीड पोस्टने, पोचपावतीसह पाठवा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) प्रमाणे नंतरचा अर्ज पोलीस अधीक्षकांना लेखी जातो आणि तरीही हालचाल नसेल तर शपथपत्रासह दंडाधिकाऱ्यांकडे. शिवाय 2016 च्या कायद्यात पीडित व्यक्तीला किंवा तिच्या कुटुंबातल्या कोणालाही थेट दंडाधिकाऱ्यांकडे तक्रार नेता येते. एक गोष्ट आधीच माहीत असू द्या. 3 वर्षांपासून 7 वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलीस उपअधीक्षकाच्या परवानगीने 14 दिवसांची प्राथमिक चौकशी करू शकतात, आणि हा गुन्हा त्या मर्यादेत बसतो. ‘चौकशी चालू आहे’ असे सांगितले तर ती कोणत्या तारखेला सुरू झाली ते लेखी विचारा. पंधराव्या दिवशी पुन्हा जा.

रायगड-रत्नागिरीतल्या पुष्कळ प्रकरणांत ठराव गावात होतच नाही. तो मुंबई मंडळाच्या, म्हणजे गावातून मुंबईला गेलेल्यांच्या संघटनेच्या बैठकीत, कुठल्यातरी चाळीच्या खोलीत होतो आणि गावात फक्त अमलात येतो. तुमचे तसे असेल तर हद्दीच्या वादात पडू नका. गुन्हा कुठेही घडला तरी कोणत्याही ठाण्याला तक्रार शून्य क्रमांकाने नोंदवून पुढे पाठवावी लागते.

हिशेबाचा मूळ प्रश्न या तक्रारीत मिसळू नका, पण सोडूही नका. देवस्थान नोंदणीकृत असेल तर ते महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 खाली येते. सहायक धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून नोंदणीचा उतारा आणि दाखल झालेले लेखापरीक्षण अहवाल यांच्या प्रती मागता येतात. अहवाल दाखलच झालेले नसतील तर तेच उत्तर. तुम्हाला वाळीत का टाकले हे त्या कार्यालयातल्या एका कागदावरून कळण्याची शक्यता बरीच आहे.

आणि रोजच्या अडचणींसाठी पोलिसांची वाट पाहू नका. सार्वजनिक नळ वा विहीर अडवली तर ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) आणि गटविकास अधिकारी. रेशन दुकानदाराने धान्य नाकारले तर तहसील कार्यालयातली पुरवठा शाखा. हे अर्ज स्वतंत्र करा. ते लवकर सुटतात, आणि त्यांची उत्तरे पुढे बहिष्काराचा पुरावा म्हणून कामी येतात.

प्रश्न : आमचा समाज भटका. बहिणीने दुसऱ्या जातीत लग्न केले म्हणून पंचांनी वडिलांना जातीबाहेर काढले. 1 लाख भरा, पंचांचे पाय धरा, जातीत घेतो म्हणतात. वडील भरायला तयार आहेत, धाकट्याचे लग्न अडले आहे. भरून मोकळे व्हावे का?

तुमच्या वडिलांची घाई आम्हाला समजते. लग्न जातीतच करायचे आणि जात पंचांच्या हातात, तेव्हा दंड स्वस्त वाटतो. पण तो एकदा भरून संपत नाही. दंड भरणे म्हणजे पंचांचा अधिकार कबूल करणे, आणि कबूल केलेल्या घराकडे पुढच्या प्रत्येक निमित्ताने बोट जाते : बहिणीला मूल झाले, ती बापाला भेटायला आली, धाकट्याच्या लग्नात दिसली. ज्या घराने एकदा दिले ते देणारे घर म्हणून लक्षात राहते.

तरीही वडिलांनी भरायचेच ठरवले तर निदान रोख देऊ नका. पंच बँकेतून घेणार नाहीत, आणि तो नकारच पुष्कळ सांगतो. एखाद्या पंचाला साधा संदेश पाठवा : ‘रविवारच्या बैठकीत सांगितलेल्या दंडाचे 1 लाख कोणाकडे द्यायचे?’ उत्तर आले की दंड, बैठक आणि आकडा तिन्ही लेखी झाले. काही ठिकाणी दंडाची पावती ‘देणगी’ म्हणून देतात. ती फाडू नका, तीही ठेवा. धमकी देऊन पैसे उकळणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 308 खालचा वेगळा गुन्हा आहे, आणि 2016 च्या कायद्यासोबत तो लावता येतो.

समेट करायला आमचा विरोध नाही, कुठे करायचा यावर आहे. 2016 च्या कायद्यात पीडिताची संमती आणि न्यायालयाची परवानगी असेल तर प्रकरण मिटवता येते, आणि त्या वेळी न्यायालय आरोपींना समाजसेवेची अट घालू शकते. पोलीस ठाण्याच्या व्हरांड्यात सह्या घेऊन झालेला ‘समेट’ म्हणजे हा नव्हे. खऱ्या समेटाच्या आमच्या तीन अटी असतात. घेतलेला पैसा परत. जिथे जातीबाहेर काढल्याचे जाहीर केले तिथेच, त्याच लोकांसमोर किंवा त्याच गटात, निर्णय मागे घेतल्याचे जाहीर. आणि पाया पडणे नाही. तिसरी अट पंचांना सगळ्यात जड जाते, म्हणून तीच आधी मांडावी.

एकट्याने लढू नका. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे (अंनिस) जातपंचायत मूठमाती अभियान 2013 साली नाशिकमधून सुरू झाले, तेही आंतरजातीय लग्नावरून झालेल्या एका मुलीच्या खुनानंतर. त्यानंतर काही समाजांच्या पंचायती स्वतःहून बरखास्त झाल्या. मढीच्या यात्रेत आणि जेजुरीला ज्या पंचायती भरत, त्यांत वर्षानुवर्षे न्यायनिवाडे झाले आहेत. त्यातले पुष्कळ पंच आज न्यायालयाची तारीख टाळायला बघतात. जातीतच तुमच्यासारखी आणखी दोन-तीन घरे असतात, त्यांना शोधा. धाकट्याचे लग्नही बहुधा त्याच घरांतून जमेल.

प्रश्न : माझ्या मावशीला पाड्यावर डाकीण म्हणू लागले आहेत. पावसाळ्यात शेजारच्या घरातले मूल तापाने गेले, नंतर एक बैल गेला. भगताने, म्हणजे पाड्यावरच्या मांत्रिकाने, दाणे पाहिले. मावशी विधवा आहे, एकटी राहते. परवा रात्री दारावर दगड पडले. तक्रार करावी का? (नंदुरबार जिल्हा)

तक्रार करायचीच आहे, पण आधी मावशीला तिथून हलवा. दगड पडले म्हणजे बोलण्याचा टप्पा संपला. हे वाचत असाल त्या दिवशीच करा. जाताना आधार, रेशनकार्ड, बँकेचे पुस्तक, आणि सगळ्यात आधी वनपट्ट्याचे किंवा सातबाऱ्याचे कागद सोबत घ्या. दुसऱ्या गावात विश्वासाचे घर नसेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी सखी केंद्रात तात्पुरता निवारा मिळतो. 181 वर फोन केला तर पत्ता सांगतात. जिवाला धोका वाटला तर 112. शेत मात्र मोकळे सोडू नका, नात्यातल्या कोणाला तरी राबायला लावा. बाई गेली आणि शेत पडीक राहिले की महिन्याभरात त्यात दुसऱ्याचा नांगर दिसतो. खरे तर पाड्यावर शांतपणे एकच चौकशी करून पाहा : मावशी गेली तर जमीन कोणाच्या जवळ जाते? डाकीण ठरलेल्या बाया विधवा, एकट्या आणि थोड्याफार जमिनीच्या मालकीण का निघतात, त्याचे उत्तर भगताच्या दाण्यांत नसते.

कायदा इथे 2016 चा नाही, 2013 चा : लोक ज्याला जादूटोणाविरोधी कायदा म्हणतात तो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने कायदा केला. त्याच्या अनुसूचीतल्या दोन नोंदी जशाच्या तशा तुमच्या मावशीच्या आहेत. एक : अमुक व्यक्ती करणी करते, मंत्राने गुरांचे दूध आटवते असे सांगून तिच्याविषयी संशय निर्माण करणे, किंवा तिच्यामुळे अरिष्ट येते, रोगराई पसरते असे म्हणून तिचे जगणे कठीण करणे. दुसरी : जारणमारण, करणी किंवा चेटुकाच्या नावाखाली मारहाण करणे, नग्न धिंड काढणे, रोजच्या व्यवहारांवर बंदी घालणे. शिक्षा 6 महिन्यांपासून 7 वर्षांपर्यंत कैद आणि 5 हजारांपासून 50 हजारांपर्यंत दंड. गुन्हा दखलपात्र (पोलीस न्यायालयाच्या आदेशाशिवाय तपास करू शकतात) आणि अजामीनपात्र (जामीन हक्काने मिळत नाही) आहे. 2016 च्या कायद्याचा गुन्हा दखलपात्र पण जामीनपात्र आहे, हा फरक मोठा. पोलीस ठाण्यात गेल्यावर या कायद्याखालचे दक्षता अधिकारी कोण, हे विचारा. ते पोलीस निरीक्षक दर्जाचे अधिकारी असतात.

‘ॲट्रॉसिटी लावा’ असा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात चेटकीण म्हणून छळण्याचे कलम आहे हे खरे, पण आरोपी अनुसूचित जाती-जमातीबाहेरचा असेल तरच तो कायदा लागतो. सातपुड्यात आरोप करणारे बहुधा त्याच जमातीचे असतात. चुकीचे कलम मागून आठवडा घालवू नका.

भगतावर तक्रार लिहिताना काळजी घ्या. मुरलेला भगत नाव घेत नाही. ‘उगवतीच्या बाजूची, एकटी बाई’ एवढे बोलतो आणि नाव लोकांकडून वदवून घेतो. म्हणून दोन गोष्टी वेगळ्या लिहा : भगत काय म्हणाला, आणि मावशीचे नाव पहिल्यांदा कोणाच्या तोंडून आले. कायद्याला संशय निर्माण करणे पुरेसे आहे, त्यामुळे इशारा देणारा आणि नाव घेणारा दोघेही येतात.

मुलाच्या मृत्यूचे कारण प्राथमिक आरोग्य केंद्रातून काढा. डॉक्टरांनी पाड्यावर येऊन सांगितले तर उत्तम. पण तापाचे नाव कळले म्हणून राग उतरेल अशी अपेक्षा धरू नका. त्या आईला ‘कोणता आजार’ हे जाणून घ्यायचे नसते, ‘माझेच मूल का’ हे हवे असते, आणि त्याचे उत्तर डॉक्टरकडे नाही. भगताकडे आहे असे तिला वाटते. तिच्याशी भांडू नका. तिला आरोपी करायची घाई तर मुळीच नको. तक्रारीत दगड मारणारे, नाव घेणारे आणि भगत एवढेच ठेवा. पाड्यावर परत राहायचे असेल तर हे एक घर तुमच्या बाजूने किंवा निदान गप्प हवे.

मावशीला परत कधी न्यायचे, हे पोलीस ठरवत नाहीत. पाटील, सरपंच आणि त्या मुलाच्या घरातला एखादा वडीलधारा यांनी तिच्या अंगणात येऊन पाणी पिणे ही त्या भागातली खरी खूण.

प्रश्न : वाळीत आम्ही नाही, आमचे शेजारी आहेत. बोललो तर दंड. आम्ही गरीब, गावाशी वैर नको. पण मनाला लागते.

तुमच्यासारखी घरे बोलत नाहीत म्हणूनच वाळ टिकते. पण उघड बंड करा असे सांगणार नाही. दंड कोणी, केव्हा, किती सांगितला ते एका कागदावर तारखेसह लिहून घरात ठेवा. शेजाऱ्यांनी तक्रार केली आणि पोलीस विचारायला आले तर ‘मला माहीत नाही’ म्हणू नका, एवढे पुरे. आणि दूध-भाजी गुपचूप द्यायची असेल तर जरूर द्या.

प्रश्न : आमच्या धर्मात बहिष्कृत करण्याचा धर्मगुरूंचा अधिकार घटनेनेच मान्य केला आहे, असे आम्हाला सांगतात. खरे आहे का?

अर्धे खरे. मुंबई राज्याने 1949 मध्ये बहिष्कृतीवर बंदी घालणारा कायदा केला होता. दाऊदी बोहरा समाजाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये 4 विरुद्ध 1 मताने तो रद्द केला, धर्मपंथाचे अंतर्गत व्यवहार चालवण्याच्या घटनेच्या अनुच्छेद 26 मधल्या हक्काच्या आधारे. पण फेब्रुवारी 2023 मध्ये 5 न्यायाधीशांच्या घटनापीठाने या निकालाचा फेरविचार व्हावा म्हणून प्रकरण 9 न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवले. 2016 चा कायदा स्वतंत्र आहे आणि त्याने कोणताही धर्म वगळलेला नाही. तुमची तक्रार त्याच्याखाली करता येते. प्रतिपक्ष 1962 चा निकाल पुढे करेल, वकिलाला तेवढी तयारी ठेवायला सांगा.

प्रश्न : मी सव्वीस वर्षांची विधवा. सासरच्या माणसांनी ‘हिच्या पायगुणाने गेला’ म्हणून धरलेच आहे, आता भावकीतल्या लग्नात, डोहाळजेवणात कोणी समोर येऊ देत नाही. हाही बहिष्कार का?

सासरच्यांनी ‘पायगुण’ म्हणून छळ केला, घरातून काढले, तर तो कौटुंबिक हिंसाचार. 2005 च्या कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्यांकडे जा, घरात राहण्याचा आदेश मिळू शकतो. स्त्रियांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा फोन 15100. भावकीने बैठक घेऊन तुम्हाला समारंभांत येऊ द्यायचे नाही असे ठरवले असेल तर 2016 चा कायदा लागू शकतो.

पण बहुतेक वेळा असे काही ठरलेले नसते. हळदीकुंकवाचे ताट तुमच्यासमोरून नुसते पुढे सरकते. त्यासाठी पोलीस नाहीत. तिथे ग्रामसभा कामी येते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात शासनाने इतर गावांनीही तसे करावे असे परिपत्रक काढले. तुमच्या गावात करायचे तर वर्षाला किमान 4 ग्रामसभा व्हायलाच हव्यात आणि त्यांच्या आधी महिलांची सभा असते. विषय आधी त्या महिला सभेत घ्या. तिथे सह्या झाल्या की मुख्य ग्रामसभेत पुरुषांना तोंडावर नाही म्हणणे अवघड जाते. गणपूर्ती मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतली कमी असेल ती. सभा तहकूब करून विषय मारण्याची युक्ती जुनी आहे, तेव्हा तेवढ्या बाया आधी जमवून न्या. ठरावात मोघम ‘अनिष्ट प्रथा बंद’ नको. कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, जोडवी काढणे, समारंभातून वगळणे अशी एकेक नोंद हवी. ठराव होऊनही पहिल्या हळदीकुंकवाला कोणीतरी तुम्हाला हाताला धरून आत न्यावे लागेल, आणि ती बाई सवाष्ण असावी.

प्रश्न : तक्रार केली तर गाव आणखी बिघडेल, असे सगळे म्हणतात.

सुरुवातीला बिघडते. गुन्हा जामीनपात्र असल्याने पंच त्याच संध्याकाळी घरी येतात, आणि पुढचे दोन-तीन आठवडे सर्वांत वाईट असतात. टोमणे वाढतात, उलट तक्रार होते. ती बहुधा शिवीगाळीची किंवा विनयभंगाची असते, म्हणून त्या काळात घरातल्या पुरुषांनी एकट्याने वादाच्या जागी जाऊ नये. दुसरी बैठक होणार अशी कुणकुण लागली तर जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करा. बहिष्कारासाठी जमाव भरवण्यावर बंदी घालण्याचा अधिकार 2016 च्या कायद्याने त्यांना दिला आहे. अर्जाची प्रत पोलीस पाटलाला द्या. गावातल्या अशा हालचाली वर कळवणे हे त्याचे काम आहे, आणि लेखी कागद हातात पडल्यावर त्याला कानावर हात ठेवता येत नाही.

दोषारोपपत्र दाखल झाल्यापासून 6 महिन्यांत खटला संपवावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात. पण वाळ उठण्यासाठी निकालाची वाट पाहावी लागतेच असे नाही. आरोपपत्रात आपले नाव आहे हे कळल्यावर प्रत्येकाला वेगळा वकील, वेगळा जामीनदार आणि तारखेला वेगळी रजा लागते. ‘गावाने ठरवले’ म्हणणारा माणूस तेव्हा ‘मी तर नुसता बसलो होतो’ म्हणायला लागतो. असे कोणी तुमच्याकडे आले तर हाकलून देऊ नका. त्याने जे पाहिले ते सहीनिशी लिहून द्यायला सांगा, आणि मग चहा द्या.